हॉटेलचं वायफाय कनेक्ट झालं, पण नेट चालत नाही? कारणं आणि उपाय, एकेक करून

परीक्षेसाठी किंवा इंटरव्ह्यूसाठी दुसऱ्या शहरात गेलात, लॉजवर रूम घेतली, रिसेप्शनवरून वायफायचा पासवर्डही मिळाला. फोनवर वायफायची खूण आली, पण नेट काही चालेना. हॉल तिकीट डाउनलोड करायचं राहिलंय आणि रूममध्ये मोबाइल डेटाची जेमतेम एक कांडी. अशा वेळी बहुतेक जण पासवर्ड चारदा टाकून बघतात, फोन बंद-चालू करतात आणि शेवटी "इथलं वायफायच बोगस आहे" म्हणून सोडून देतात.

बऱ्याचदा वायफाय ठीक असतं. हॉटेलचं वायफाय घरच्या वायफायपेक्षा वेगळ्या पद्धतीने चालतं आणि आपल्या फोनमधल्याच काही सेटिंग त्याच्या आड येतात. हे नेमकं कसं होतं आणि कोणत्या क्रमाने तपासायचं, ते या लेखात पाहू.

आधी पाहा, गाडी कुठे अडलीय

हॉटेलच्या नेटवर्कवर नेट चालू होण्यासाठी तीन गोष्टी एकामागून एक व्हाव्या लागतात.

१. फोन वायफायच्या राउटरशी जोडला जातो. इथे पासवर्ड लागतो. काही हॉटेलांत नेटवर्क उघडंच असतं.

२. हॉटेलची यंत्रणा तुमच्या फोनला एक आयपी ॲड्रेस देते. हा त्या नेटवर्कवरचा तुमचा तात्पुरता पत्ता.

३. लॉगिनचं पान उघडतं. त्यात रूम नंबर, आडनाव किंवा मोबाइल नंबर टाकला की बाहेरचं इंटरनेट सुरू होतं.

पहिल्या पायरीवर अडलं तर फोन "पासवर्ड चुकीचा आहे" असं सांगतो किंवा कनेक्टच होत नाही. दुसऱ्या पायरीवर अडलं तर "ऑब्टेनिंग आयपी ॲड्रेस" असं बराच वेळ दिसत राहतं. तिसऱ्या पायरीवर अडलं तर फोन "कनेक्टेड" म्हणतो, पण खाली "नो इंटरनेट" लिहिलेलं असतं. हॉटेलात सगळ्यात जास्त त्रास होतो तो या तिसऱ्या पायरीवर, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

लॉगिनचं पान येतं कुठून?

या पानाला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन जसा वहीत नोंद केल्याशिवाय आत सोडत नाही, तसंच हे. नोंद होईपर्यंत तुमची कुठलीही विनंती बाहेर जात नाही. तुम्ही काहीही उघडायला गेलात तरी तुम्हाला नोंदीच्या पानाकडे वळवलं जातं.

गंमत म्हणजे फोन स्वतःहून हे तपासत असतो. वायफाय जोडलं गेलं की अँड्रॉइड फोन गुगलच्या एका सर्व्हरला छोटीशी विनंती पाठवतो. उत्तर म्हणून फक्त २०४ हा कोड आणि रिकामं पान अपेक्षित असतं. आयफोन अ‍ॅपलच्या एका पानावर जातो आणि तिथे "सक्सेस" हा शब्द शोधतो. अपेक्षित उत्तराऐवजी वेगळंच पान आलं, की मध्ये कोणीतरी अडवतंय हे फोन ओळखतो आणि "साइन इन टू वायफाय नेटवर्क" असं नोटिफिकेशन दाखवतो.

हे नोटिफिकेशन आलं की लगेच त्यावर टॅप करा. घाईत ते बाजूला सारलं तर पान परत येत नाही आणि इथेच अनेकांचं अडतं.

घाईत असाल तर या क्रमाने करा

१. मोबाइल डेटा बंद करा, वायफाय चालू ठेवा. एअरप्लेन मोड लावू नका, कारण ओटीपीचा एसएमएस यायचाय.

२. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा.

३. प्रायव्हेट डीएनएस "ऑटोमॅटिक"वर आणा.

४. वायफायच्या यादीत हॉटेलच्या नेटवर्कवर जाऊन "फरगेट" करा आणि पुन्हा कनेक्ट व्हा.

५. तरीही पान आलं नाही तर ब्राउझर उघडून नेव्हरएसएसएल डॉट कॉम हा पत्ता इंग्रजीत टाइप करा.

बऱ्याच वेळा यातल्याच एखाद्या पायरीवर काम होतं. आता प्रत्येक पायरीमागचं कारण पाहू, म्हणजे पुढच्या वेळी नेमकं कुठे हात घालायचा ते कळेल.

लॉगिनचं पान उघडत नसेल तर

मोबाइल डेटा आड येतो. वायफायवर नेट नाही असं दिसलं की बरेच फोन आपोआप मोबाइल डेटावर जातात. मग तुमचा ब्राउझर डेटावरून चालतो आणि हॉटेलच्या पोर्टलपर्यंत पोचतच नाही. डेटा बंद केला की फोनला वायफायवरूनच जावं लागतं. डेटा बंद असला तरी साधा एसएमएस येतो, त्यामुळे ओटीपीची काळजी नको.

प्रायव्हेट डीएनएस. ही सोय अँड्रॉइड ९ मध्ये, म्हणजे २०१८ साली आली. वेबसाइटचं नाव विचारून तिचा पत्ता मिळवणं हे डीएनएसचं काम. जाहिराती बंद करण्यासाठी अनेक जण इथे एखाद्या ॲड-ब्लॉकर सर्व्हरचं नाव टाकून ठेवतात आणि नंतर विसरून जातात. घरी त्याचा काही त्रास होत नाही. हॉटेलात मात्र लॉगिन होईपर्यंत तो सर्व्हर गाठता येत नाही, आणि सर्व्हर मिळेपर्यंत फोन कुठलीच साइट उघडत नाही. म्हणजे कुलूप उघडायची किल्ली कुलपाच्या आतच राहिली! सेटिंगमध्ये वर सर्च करायची सोय असते, तिथे "प्रायव्हेट डीएनएस" शोधा, "ऑटोमॅटिक" निवडा, लॉगिन करा. नंतर हवं तर जुनी सेटिंग परत लावा.

व्हीपीएन. व्हीपीएन ॲप सगळी माहिती आपल्या बोगद्यातून पाठवू पाहतं, पण लॉगिनशिवाय तो बोगदा तयार होत नाही. अँड्रॉइडमध्ये "ऑलवेज-ऑन व्हीपीएन" आणि "ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन" या दोन्ही गोष्टी चालू असतील, तर नुसतं ॲप बंद करून भागत नाही, त्या सेटिंगमध्ये जाऊन बंद कराव्या लागतात. आधी लॉगिन, मग व्हीपीएन, हा क्रम लक्षात ठेवा.

सुरक्षित साइटला वळवता येत नाही. आजकाल जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर चालतात. यात ब्राउझर समोरच्या साइटची ओळख तपासतो. तुम्ही गुगल उघडायला गेलात आणि हॉटेलच्या यंत्रणेने मध्येच आपलं पान पुढे केलं, तर ब्राउझर "युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" असा इशारा देऊन थांबतो. तो इशारा योग्यच आहे, तिथे "तरीही पुढे जा" दाबू नका. त्याऐवजी मुद्दाम साध्या एचटीटीपीवर ठेवलेली साइट उघडा. नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही याच कामासाठी बनवलेली आहे. आयफोनवर कॅप्टिव्ह डॉट अ‍ॅपल डॉट कॉम हा पत्ताही चालतो.

तारीख आणि वेळ. बॅटरी पूर्ण उतरून बराच वेळ बंद राहिलेल्या जुन्या फोनमध्ये कधी कधी तारीख चुकते. तारीख चुकली की सगळ्याच सुरक्षित साइटवर इशारे येतात. वेळ "ऑटोमॅटिक"वर आहे ना, ते एकदा बघून घ्या.

काही ठिकाणी लॉगिनच्या पानाचा पत्ता १.१.१.१ असा दिसतो. सिस्को कंपनीच्या वायफाय यंत्रणांमध्ये हा आकडा पोर्टलसाठी वापरायची पद्धत होती. एप्रिल २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअरने याच पत्त्यावर आपली सार्वजनिक डीएनएस सेवा सुरू केली. त्यामुळे क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ ॲप फोनमध्ये असेल तर अशा जुन्या यंत्रणा असलेल्या हॉटेलात दोन्हींची गल्लत होऊ शकते. लॉगिन होईपर्यंत ते ॲप बंद ठेवा.

ओटीपी का मागतात, आणि येत नसेल तर?

भारतात हॉटेलचं वायफाय बहुतेक वेळा मोबाइल नंबर मागतं. यामागे एक गंभीर घटना आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. तपासात तो नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातल्या इंटरनेट कनेक्शनवरून गेल्याचं दिसलं. त्या घरातलं वायफाय नीट सुरक्षित केलेलं नव्हतं आणि त्याचा गैरवापर झाला होता. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफायबद्दल सूचना दिल्या. सार्वजनिक ठिकाणी वायफाय देताना वापरणाऱ्याचं ओळखपत्र घ्यावं किंवा त्याच्या मोबाइलवर एसएमएसने लॉगिन पाठवावं, असं त्यात होतं. तेव्हापासून ओटीपीची ही पद्धत रुळली.

ओटीपी येत नसेल तर हे तपासा:

- रूममध्ये सिमला रेंज आहे का? नसेल तर खिडकीजवळ किंवा लॉबीत जाऊन ओटीपी मागवा.
- दोन सिम असतील तर ज्याला रेंज आहे त्याचा नंबर द्या.
- ओटीपी वाचायला मेसेज ॲपमध्ये गेलात की आयफोनवरची लॉगिनची खिडकी कधी कधी बंद होते. वर आलेल्या नोटिफिकेशनमधूनच आकडे वाचा.
- परदेशातून आलेल्या नातेवाइकांच्या नंबरवर ओटीपी बऱ्याचदा येत नाही. तिथे रिसेप्शनकडे व्हाउचर किंवा रूम नंबरवरचं लॉगिन मागा.
- टॅबमध्ये सिम नसेल तर फोनचा नंबर टाका आणि ओटीपी फोनवर घ्या.

रोज नव्याने लॉगिन करावं लागतं, असं का?

तुम्ही लॉगिन केलं की हॉटेलची यंत्रणा तुमचा फोन लक्षात ठेवते. हे ती फोनच्या मॅक ॲड्रेसवरून करते. मॅक ॲड्रेस म्हणजे वायफाय चिपचा ओळख क्रमांक. पण हा क्रमांक कायम एकच राहिला तर दुकानं, मॉल आणि विमानतळ तुमचा माग काढू शकतात. म्हणून अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला क्रमांक देतो.

ही सोय चांगलीच आहे, पण मध्येच क्रमांक बदलला तर हॉटेलच्या यंत्रणेला तुमचा फोन नवीन वाटतो. मग पुन्हा लॉगिन करावं लागतं. शिवाय "एका रूमला दोन डिव्हाइस" अशी लिमिट असेल तर तुमचा एकच फोन दोन जागा खातो, आणि "मॅक्सिमम डिव्हाइसेस" असा संदेश येतो.

यावर उपाय असा. आयफोनवर वायफायच्या यादीत नेटवर्कशेजारच्या खुणेवर टॅप करून "प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस" बघा. आयओएस १८ मध्ये तिथे ऑफ, फिक्स्ड आणि रोटेटिंग असे तीन पर्याय आहेत. मुक्कामापुरतं फिक्स्ड ठेवा. अँड्रॉइडवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये "प्रायव्हसी" किंवा "मॅक ॲड्रेस टाइप" असा पर्याय असतो. रोजच त्रास होत असेल तर त्या एका नेटवर्कसाठी फोनचा मूळ मॅक निवडा आणि चेकआउटनंतर नेटवर्क फरगेट करा.

लॉगिनची मुदत संपणं हे दुसरं कारण. अनेक ठिकाणी ती २४ तासांची असते किंवा चेकआउटच्या वेळेला बांधलेली असते. मुक्काम वाढवलात तर वायफायही वाढवून द्या, असं रिसेप्शनला आठवणीने सांगा.

"ऑब्टेनिंग आयपी ॲड्रेस"वर अडकलं तर

एक साधा हिशोब करू. छोट्या नेटवर्कमध्ये साधारण २५४ आयपी ॲड्रेस असतात. हॉटेलात ८० रूम, प्रत्येकी दोन माणसं आणि माणशी दोन डिव्हाइस धरले तर ३२० होतात. म्हणजे पत्तेच पुरत नाहीत! त्यात काल गेलेल्या पाहुण्यांचे पत्ते मुदत संपेपर्यंत अडकून राहतात. लग्नसराईत सगळं हॉटेल भरलेलं असताना हे हमखास होतं.

असं झालं तर फोनला पत्ताच मिळत नाही. आयफोनवर किंवा लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला, तर समजा की हॉटेलकडून पत्ता आलेला नाही आणि डिव्हाइसने स्वतःच एक लावून घेतलाय. वायफाय बंद करून मिनिटभराने चालू करा, नेटवर्क फरगेट करून बघा. तरीही नाही झालं तर हे काम हॉटेलवाल्यांनी राउटर रीस्टार्ट करून सोडवायचं आहे. तुमच्या फोनमध्ये दोष नाही.

पासवर्ड बरोबर असून घेत नसेल तर

चिठ्ठीवरचं शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल यांची गल्लत होते. कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो किंवा शेवटी स्पेस टाकतो. टाकलेला पासवर्ड दिसावा म्हणून डोळ्याची खूण दाबून बघा. दुसऱ्या कोणाच्या फोनवर वायफाय चालत असेल तर त्याला क्यूआर कोड दाखवायला सांगा आणि तो स्कॅन करा. अँड्रॉइड १० पासून ही सोय आहे.

सिग्नल पूर्ण, तरी स्पीड नाही

वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन बँडवर चालतं. ५ चा वेग जास्त, पण तो भिंतींतून कमी जातो. २.४ लांब पोचतो, पण त्यावर गर्दी फार. हॉटेलची दोन नावं दिसत असतील तर राउटरजवळ ५ वापरा, लांबच्या रूममध्ये २.४. राउटर बहुतेक वेळा पॅसेजमध्ये असतो, म्हणून दाराजवळ बसून बघा. रात्री सगळे व्हिडिओ बघत असतात, तेव्हा मोठं डाउनलोड पहाटे लावलेलं बरं.

टीव्ही स्टिकवर फोनवरून कास्ट होत नसेल तर डिव्हाइसमध्ये बिघाड नाही. एका पाहुण्याचं डिव्हाइस दुसऱ्याला दिसू नये म्हणून हॉटेलं मुद्दाम तशी व्यवस्था करतात, आणि ती तुमच्या भल्याचीच आहे.

पैशांचा आणि माहितीचा प्रश्न

इथे मात्र घाई करू नका. लॉबीत बसून कोणीही हॉटेलच्या नावासारखंच नाव देऊन हॉटस्पॉट चालू करू शकतो. म्हणून नेटवर्कचं नेमकं नाव रिसेप्शनवर विचारून घ्या.

- लॉगिनच्या पानाला रूम नंबर, नाव किंवा मोबाइल नंबर आणि त्या लॉगिनचा ओटीपी एवढंच पुरतं. फुकट वायफायसाठी कार्ड नंबर, यूपीआय पिन, आधार किंवा जीमेलचा पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा.
- ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा. त्यात बँकेचं किंवा पैशांचं नाव असेल तर तो आकडा टाकू नका.
- "वायफायसाठी हे ॲप किंवा सर्टिफिकेट इन्स्टॉल करा" असं आलं तर करू नका.
- हॉटेलच्या नेटवर सॉफ्टवेअर अपडेटची खिडकी आली तर ती बंद करा. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने नोव्हेंबर २०१४ मध्ये "डार्कहोटेल" नावाच्या टोळीबद्दल माहिती दिली होती. ती टोळी हॉटेलच्या नेटवर्कमध्ये शिरून पाहुण्यांना खोटे अपडेट दाखवायची.
- पैसे पाठवायचे असतील तर तेवढ्यापुरता मोबाइल डेटा वापरा.
- फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

काहीच जमलं नाही तर

मित्राच्या फोनला रेंज असेल तर त्याचा हॉटस्पॉट घ्या. यात हॉटेलची परवानगी वगैरे लागत नाही. अमेरिकेत नॅशव्हिल इथल्या एका मॅरियट हॉटेलमध्ये पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट मुद्दाम बंद पाडले जात होते. त्यावरून २०१४ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाच्या कारवाईत कंपनीला ६ लाख डॉलरचा दंड भरावा लागला.

"रीसेट नेटवर्क सेटिंग्ज" हा उपाय अगदी शेवटी ठेवा. त्याने फोनमध्ये साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथ जोडण्या पुसल्या जातात.

रिसेप्शनवर फोन करताना "नेट चालत नाही" एवढंच सांगितलं तर समोरचा "राउटर चालू आहे सर" म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी असं सांगा: "वायफाय कनेक्ट होतंय, पण लॉगिनचं पान येत नाही", किंवा "आयपी मिळत नाही, राउटर रीस्टार्ट करता का?", किंवा "माझ्या रूमवर दोन डिव्हाइस दाखवतंय, जुनं काढून टाका." नेमकं सांगितलं की काम लवकर होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हॉल तिकीट, रेल्वेचं तिकीट, परीक्षा केंद्राचा नकाशा, ऑफर लेटर हे सगळं घरून निघण्याआधीच फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा. हॉल तिकिटाची एक प्रिंट बॅगेत असू द्या. वायफाय चाललं तर उत्तम, नाही चाललं तरी सकाळी तुम्ही केंद्रावर वेळेत पोचायला हवं.